घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, एक्स-रेत मात्र काहीच नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्यातल्या ३६ वर्षांच्या एक वाचक लिहितात, ‘दोन वर्षांपूर्वी राजगडावरून गुंजवण्याच्या बाजूला उतरताना उजवा पाय मुरगळला. एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. आंबेहळदीचा लेप लावला, क्रेप बँडेज बांधलं, तीन आठवड्यांत दुखणं गेलं. त्यानंतर तोच पाय आणखी तीनदा मुरगळला. एकदा सोसायटीत लाइट गेलेले असताना जिना उतरताना, एकदा फोनवर बोलत खाली गाडीपाशी उतरताना, आणि पाच आठवड्यांपूर्वी बसचा नंबर बघत फुटपाथवरून उतरताना. गेले आठ महिने मी दिवसभर बाइंडर घालते. जिममध्ये पायांचा व्यायाम नियमित आहे, रोज पाच किलोमीटर चालते, म्हणजे पाय कमजोर नाहीत. घरचे म्हणतात, तुझा पाय कच्चा झालाय, डोंगर सोड. दहा आठवड्यांनी मैत्रिणींबरोबर कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक ठरलाय. ऑपरेशन करून लिगामेंट घट्ट करून घ्यावं, की ट्रेकिंग कायमचं बंद करावं?’

तुम्ही चारही प्रसंग इतके नेमके लिहिलेत, ते फार बरं झालं. उत्तराचा निम्मा भाग त्यातच आहे. चारही वेळा तुम्ही खालच्या दिशेला पाऊल टाकत होतात. शेवटच्या तिन्ही वेळा तर नजर पायाखाली नव्हती: एकदा अंधार होता, दोनदा लक्ष दुसरीकडे होतं. पाय नुसता ‘कच्चा’ असता, तर तो भर उजेडात सपाट रस्त्यावर रोज पाच किलोमीटर चालतानाही कधीतरी दगा देता. तो देत नाही, कारण तिथे डोळे त्याची उणीव भरून काढतात. ही उणीव कशाची, ते समजलं की ऑपरेशन आणि ट्रेक या दोन्ही प्रश्नांकडे वेगळ्या नजरेनं बघता येईल.

घोट्याची रचना खाचेत बसवलेल्या खुंटीसारखी आहे. नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरचं बारीक हाड मिळून खाच होते आणि तिच्यात टॅलस नावाचं हाड बसतं. टॅलस पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असतं. उकिडवं बसताना किंवा चढ चढताना पाऊल नडगीकडे वळतं, तेव्हा त्याचा रुंद भाग खाचेत घट्ट अडकतो. पायरी उतरताना चवडा खाली झुकतो आणि अरुंद भाग खाचेत येतो, त्यामुळे सांधा सैल होतो. शिवाय बाहेरचं हाड आतल्या हाडापेक्षा जास्त खाली उतरलेलं असल्यामुळे तळवा आतल्या बाजूला सहज वळतो, बाहेरच्या बाजूला तितका नाही. म्हणून पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा उतारावर, आणि करंगळीच्या बाजूवर. अशा वेळी सर्वांत आधी मार बसतो तो बाहेरच्या तीन लिगामेंटांपैकी, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या दोऱ्यांपैकी, पुढच्या लिगामेंटला. तीच तिघांत सर्वांत नाजूक.

लिगामेंट ही शेवटची दोरी. तिच्याआधी राखणीला असतात पायाच्या बाहेरच्या बाजूचे दोन स्नायू, पेरोनिअस लाँगस आणि पेरोनिअस ब्रेविस. खुर्चीत बसून घोट्याच्या बाहेरच्या हाडामागे बोट ठेवा आणि तळवा बाहेरच्या बाजूला फिरवा. बोटाखाली दोरीसारखं काही टरारून उठेल. त्या या स्नायूंच्या कंडरा. पाऊल आत वळू लागलं की ते बाहेर ओढून धरणं हे त्यांचं काम.

मग ते वेळेवर का ओढत नाहीत? इथे मज्जातंतू येतात. प्रत्येक स्नायूत बारीक चात्यांसारखे संवेदक असतात. स्नायू किती ताणला गेलाय आणि किती वेगानं ताणला जातोय, ते मज्जारज्जूला सतत कळवत असतात. लिगामेंट, सांध्याचं आवरण आणि तळव्याची त्वचा यांच्याकडूनही खबर जात असते. डोळे मिटूनही आपला पाय कुठे आहे ते आपल्याला कळतं, ते यामुळेच. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये याला नाव दिलं, प्रोप्रिओसेप्शन. आपण त्याला स्थितीचं भान म्हणू.

ही खबर माणसाच्या शरीरात सेकंदाला साधारण ६० मीटर वेगानं धावते. घोट्यापासून मज्जारज्जूपर्यंतचं अंतर एक मीटरच्या आसपास. नुसत्या जाण्या-येण्यातच सेकंदाचा तीस हजारांशाहून जास्त वेळ जातो. पाऊल अचानक आत वळलं, तर पेरोनिअल स्नायू जागे व्हायला साधारण ६० ते ८० हजारांश सेकंद लागतात आणि त्यांचा प्रत्यक्ष जोर लागायला त्याहून जास्त. तोवर बहुतेक वेळा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणजे निव्वळ प्रतिक्षिप्त क्रियेच्या भरवशावर कुणाचाच घोटा वाचत नाही, अगदी निरोगी माणसाचाही.

वाचतो तो आधीच केलेल्या तयारीमुळे. पाऊल जमिनीला टेकायच्या आधीच पेरोनिअल स्नायू थोडे आवळले जातात. किती आवळायचे, हे मेंदू आणि लहान मेंदू मागच्या पावलांच्या अनुभवावरून ठरवतात. अंधारात जिना उतरताना पायऱ्या संपल्या असं वाटावं आणि अजून एक निघावी, तेव्हा काय होतं ते आठवा. पायरी तीच, पायही तेच, पण तयारी वेगळ्या उंचीची झालेली असते, म्हणून सबंध अंगाला हिसका बसतो. घोटा मुरगळणं ही त्याचीच लहान आवृत्ती. मेंदूला वाटतं पाऊल सपाट उतरतंय, प्रत्यक्षात ते दोन-चार अंश आत कललेलं असतं. कडेचा एखादा दगड पुरतो.

पहिल्या दुखापतीत लिगामेंटबरोबर तिच्यातल्या संवेदकांनाही मार बसतो. सूज असताना मज्जारज्जू आसपासच्या स्नायूंना आवरून धरतो. ते तात्पुरतं संरक्षण असतं, पण सूज गेल्यावर आपोआप पूर्ण सुटतंच असं नाही. मायकेल फ्रीमन या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी सहकाऱ्यांबरोबर १९६५ मध्ये हेच मांडलं होतं: वारंवार मुरगळणाऱ्या घोट्यात दोष नुसत्या सैलपणाचा नसतो, खबर पोहोचण्याचाही असतो. त्यासाठी त्यांनी डगमगत्या फळीवर तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवले. पुढे त्यांच्या मांडणीत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. लिगामेंट बधिर केली तरी स्नायूंकडून पुष्कळ खबर मिळतच राहते, असंही दिसलं. व्यायाम मात्र टिकून राहिले, कारण त्यांचा उपयोग होतो. नेदरलँड्समधल्या ५२२ खेळाडूंच्या एका अभ्यासात (२००९) घोटा मुरगळल्यानंतर निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत आठ आठवडे घरच्या घरी तोलाचे व्यायाम दिले. वर्षभरात व्यायाम न केलेल्यांपैकी ३३ टक्क्यांचा पाय पुन्हा मुरगळला, केलेल्यांपैकी २२ टक्क्यांचा. धोका शून्य होत नाही, हे त्या आकड्यातच आहे. पण घरातल्या फरशीवर होणाऱ्या उपचारासाठी हा फरक मोठा आहे.

‘पाय कमजोर नाहीत’ असं तुम्ही लिहिता, ते खरंच असेल. पण जिममधल्या लेग प्रेसच्या यंत्रात पावलाखालची पाटी हलत नाही. ताकद वाढते, अवचित कललेल्या दगडाची तयारी होत नाही. आणि तीन आठवड्यांत दुखणं थांबलं म्हणजे घोटा बरा झाला, ही समजूत तर जवळपास सगळ्यांचीच असते. लिगामेंटचे नवे तंतू भरून यायला पहिले सहा आठवडे लागतात, ते नीट ओढीच्या दिशेनं बसायला कित्येक महिने. वेदना त्याच्या खूप आधी जाते.

आज रात्रीच दोन चाचण्या करून बघा. ओट्याजवळ अनवाणी उभ्या राहा, हात ओट्यापासून दोन बोटं वर. डाव्या पायावर उभं राहून, गुडघा किंचित वाकवून, डोळे मिटा. घरातल्या कुणाला तरी ३० सेकंद मोजायला सांगा, आणि पावलाची कड किंवा बोटं फरशीवरून कितीदा सुटतात तेही. मग उजव्या पायावर तेच. डोळे मिटल्यावर तोल सगळ्यांचाच जातो, त्यामुळे थोडं डगमगलात तर घाबरू नका. बघायचा तो दोन पायांतला फरक. डोळे उघडे असताना पाय सारखे आणि मिटल्यावर उजवा बराच मागे, असं निघालं, तर जिन्यावरच्या अंधारात काय झालं ते डोळ्यांसमोर येईल.

दुसरी चाचणी भिंतीची. भिंतीकडे तोंड करून पाऊल सरळ ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. पाऊल हळूहळू मागे घेत जा. गुडघा जेमतेम टेकेल तिथे अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. साधारण दहा सेंटिमीटरच्या आसपास यावं. उजव्या बाजूला डाव्यापेक्षा दोन किंवा त्याहून अधिक सेंटिमीटरनं कमी आलं, तर घोटा पुढे वाकायला आखडलाय, म्हणजे टॅलस आपल्या घट्ट जागी पोहोचतच नाही. पोटरी ताणा: एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, दोन्ही प्रकारे ३० सेकंद, तीन-तीन वेळा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर फिजिओकडे जा. सांधा हातानं मागे सरकवून मोकळा करायची रीत त्यांच्याकडे असते. ती घरच्यांकडून ओढून-ताणून करून घेऊ नका.

आता आठ आठवडे. आठवड्यातून तीन दिवस, वीस ते तीस मिनिटं. दोन्ही पायांचं करायचं, कारण एका घोट्याच्या दुखापतीनंतर दुसऱ्या बाजूचा तोलही ढिला पडलेला आढळतो. चालून दमून आल्यावर नको, ताज्या पायांनी करा.

पहिले दोन आठवडे फरशीवर अनवाणी एका पायावर उभं राहायचं, ३० सेकंद, प्रत्येक पायाला पाच वेळा. यात नेमकं काय बघायचं ते सांगते. वजन तीन ठिकाणी वाटलेलं हवं: टाच, अंगठ्याचा बुंधा, करंगळीचा बुंधा. बहुतेकांचा अंगठ्याचा बुंधा हळूच उचलला जातो आणि वजन बाहेरच्या कडेवर सरकतं. मुरगळण्याची दिशा तीच. पेरोनिअस लाँगसची कंडरा तळव्याखालून आडवी जाऊन अंगठ्याच्या बुंध्यापाशी रुतलेली असते, म्हणून तो बुंधा फरशीवर दाबून धरलात की तो स्नायू कामाला लागतो. घोट्याच्या पुढच्या कंडरा एकसारख्या थरथरताना दिसतील. ती थरथर म्हणजे कमजोरी नव्हे. खबर जातेय, उत्तर येतंय, एवढाच तिचा अर्थ. ती थांबवायला बोटांनी फरशी पकडू नका, गुडघा ताठ करू नका आणि श्वास रोखू नका. या तिन्हींमुळे सगळा पाय एक खांब होतो आणि घोटा काही शिकत नाही.

जमू लागलं की उभं राहून मान डावी-उजवीकडे फिरवा. मग डोळे मिटा. मग पायाखाली चार घड्या घातलेली सतरंजी, नंतर उशी. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. उशी आणि मिटलेले डोळे एकाच दिवशी नकोत.

याच्या जोडीला रबरी पट्टा. टोक जड टेबलाच्या पायाला बांधा, पट्टा चवड्याभोवती घ्या, गुडघा न फिरवता फक्त पाऊल बाहेर वळवा, मग मोजून तीन सेकंदांत परत आणा. पंधराचे तीन फेरे. परत येणंच महत्त्वाचं, कारण उतारावर हा स्नायू लांबत असतानाच आवरून धरायचं असतं. जिममध्ये टाचा उचलण्याचा व्यायाम करत असाल तर तो एका पायावर करा आणि वर पोहोचल्यावर वजन अंगठ्यावर आहे ना ते आरशात तपासा.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात फरशीवर चिकटपट्टीनं इंग्रजी वाय अक्षर काढा. मध्यावर एका पायावर उभ्या राहा, दुसऱ्या पायाचा अंगठा पुढच्या पट्टीवर जमेल तितका लांब नेऊन नुसता टेकवा, वजन न देता परत या. मग मागच्या दोन पट्ट्यांवर तेच. सहा-सहा वेळा. पुढचं अंतर दोन्ही पायांचं लिहून ठेवा. चार सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर पुढच्या टप्प्याला घाई नको. गुडघा आत पडत असेल किंवा कंबर एका बाजूला झुकत असेल तर काम खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचंही आहे. पाऊल कुठे पडणार हे घोट्याइतकंच खुबा ठरवतो. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलायचा, पंधराचे दोन फेरे त्यात घाला.

सहाव्या आठवड्यापासून उड्या. दोन्ही पायांवर पुढे लहान उडी आणि उतरल्यावर तीन सेकंद स्थिर. मग आडवी. मग एका पायावर. दहाचे तीन फेरे, आवाज न करता उतरायचं. शेवटी पायरीच्या उंचीवरून एका पायावर उतरणं, आणि ते करताना शंभरातून सात-सात वजा करत मोठ्यानं मोजणं. हा पोरखेळ वाटेल. पण तुमचा पाय लक्ष दुसरीकडे असतानाच मुरगळतो, तेव्हा लक्ष दुसरीकडे ठेवूनच त्याला शिकवावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोट्याभोवती सूज किंवा कालच्यापेक्षा जास्त दुखणं, याचा अर्थ मात्रा जास्त झाली. एक टप्पा मागे या.

बाइंडरबद्दल. ओढून घालायचा कापडी बाइंडर पाऊल वळणं फारसं अडवत नाही. त्वचेवरच्या दाबानं भान थोडं वाढतं, इतकंच. घरी आणि ऑफिसात तो आजपासून काढा. डोंगरावर किंवा खडबडीत जागी मात्र शेवटच्या दुखापतीपासून वर्षभर आधार घेणं शहाणपणाचं आहे, आणि तो नाडीचा किंवा दोन बाजूंनी पट्टे असलेला घ्या. व्यायामाला तो पर्याय नाही. पण दोन्ही मिळून पुन्हा मुरगळण्याची शक्यता कमी होते.

ऑपरेशनची वेळ कधी येते? तीन ते सहा महिने वरच्यासारखा व्यायाम नीट करूनही पाय दगा देत राहिला, आणि डॉक्टरांनी हातानं टाच पुढे ओढून तपासल्यावर सांधा खरोखर सैल निघाला तर. लिगामेंट घट्ट करण्याची शस्त्रक्रिया चांगली आहे आणि ती बऱ्याच जणांना लागू पडते. पण ती दोरी घट्ट करते, खबर नाही. तिच्यानंतरही तोलाचे हेच व्यायाम करावे लागतात. तुम्ही ते अजून एकदाही केलेले नाहीत.

मात्र पुढचं काही असेल तर व्यायामाआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. घोट्याच्या आत खोलवर दुखणं किंवा सांधा अडकणं, कारण टॅलसच्या कूर्चेला मार असू शकतो. घोट्याच्या वर, दोन हाडांच्या मध्ये दुखणं. बाहेरच्या हाडावरून कंडरा टचकन सरकणं. पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या-बधिरपणा किंवा चवडा वर उचलता न येणं. पेरोनिअल नस गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाला वळसा घालून येते आणि जोराच्या मुरगळीत तीही ताणली जाते.

पुन्हा मुरगळलाच, तर एक्स-रे हवा की नको यासाठी कॅनडातल्या ओटावा इथे १९९२ मध्ये तयार झालेले नियम वापरतात. घोट्याच्या कोणत्याही एका बाजूच्या हाडाचं टोक किंवा त्यावरची सहा सेंटिमीटरपर्यंतची मागची कड दाबल्यावर दुखत असेल. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड हाताला लागतं ते, किंवा आतल्या बाजूचं कमानीवरचं हाड दाबल्यावर दुखत असेल. किंवा पडल्या पडल्या आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे. पहिले दोन-तीन दिवस शेक, चोळणं आणि ‘मुरगळ काढणं’ पूर्ण बंद. पाय उंच ठेवा, बँडेज बोटं निळी पडणार नाहीत इतपत बांधा, बोटं हलवत राहा. आंबेहळद कोमट लावायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर पुढचं सोडू नका.

हे वाचून इतरांनीही व्यायाम सुरू करण्याआधी: मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी असेल तर अनवाणी आणि डोळे मिटून करू नका, आधी पाय तपासून घ्या. साठीच्या पुढचे असाल तर नेहमी कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना भिंत ठेवून. आणि ज्यांचा अंगठा वाकून मनगटाच्या आतल्या बाजूला सहज टेकतो, त्यांचे सांधे मुळातच लवचिक असतात. त्यांनी ताणण्यावर कमी आणि ताकद-तोलावर जास्त वेळ द्यावा.

आता तुमचा ट्रेक. कात्रज ते सिंहगड म्हणजे अंधारात, टॉर्चच्या हातभर उजेडात, एकामागून एक टेकडीचा चढ आणि घसाऱ्याचा उतार. डोळ्यांचा आधार कमी आणि स्नायू दमलेले. दमलेल्या स्नायूंची खबरही अंधुक होते. म्हणून सातव्या आठवड्याच्या शेवटी सिंहगड दिवसा, आधार घालून, दोन काठ्या घेऊन चढा-उतरा. दुसऱ्या दिवशी सूज नसेल तर आठव्या आठवड्यात संध्याकाळी उजेड जाताना टेकडीवर तासभर चाला. नवव्यात तीन गोष्टी तपासा: भिंतीच्या चाचणीत फरक दोन सेंटिमीटरच्या आत, वायच्या पुढच्या पट्टीवर चारच्या आत, आणि डोळे मिटून दोन्ही पायांवर जवळपास सारखीच स्थिरता. तिन्ही जमल्या तर जा, आणि उतारावर लहान पावलं टाका. एकही राहिली तर मैत्रिणींना आत्ताच सांगून ठेवा की तुम्ही पुढच्या पौर्णिमेला याल.